अकरा चाळीस ते आठ पन्नास

बाबांच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकटींत दुधाचे आकडे असतात, सिलिंडर कधी लावला ते असतं, बीपीच्या गोळ्या कधी आणल्या ते असतं. आणि मी नागपूरला ज्या दिवशी आले, त्या तारखांना पेन्सिलीने बारीक अक्षरात दोन वेळा लिहिलेल्या असतात: ‘नि. ७.१४, टे. ८.२३’. नि. म्हणजे निघालं, टे. म्हणजे टेकलं. विमानाची चाकं मुंबईच्या जमिनीवरून सुटली ती वेळ आणि सोनेगावच्या धावपट्टीला लागली ती वेळ. पहिली वेळ ते मला विचारून घेतात. दुसरी बहुतेकदा स्वतःच टिपतात, कारण आमचं प्रतापनगरचं घर विमानतळापासून चार-पाच किलोमीटरवर आहे आणि उतरणाऱ्या विमानाचा आवाज गच्चीवर स्पष्ट येतो.

डोंबिवलीत राहायला येऊन मला बावीस वर्षं झाली. नागपूर किती लांब, असं इथे कुणी विचारलं की मी पटकन सांगत आले, ‘विमानाने दीड तास.’ सगळेच तसं सांगतात. तिकिटावरही तेच छापलेलं असतं, कधी एक तास तीस मिनिटं, कधी पस्तीस. आई गेल्यानंतर बाबा एकटे राहू लागले, तेव्हा हाच दीड तास माझ्या मनाचा आधार होता. ते मुंबईला यायला तयार नव्हते आणि मला नोकरी सोडून तिकडे जाता येत नव्हतं. पण काही झालंच तर दीड तासात पोचता येतं, असं मी नातेवाइकांना सांगायचे, शेजाऱ्यांना सांगायचे, रात्री झोप येत नसली की स्वतःलाही सांगायचे.

या दोन शहरांमधलं अंतर कशाने मोजायचं त्यावर आकडा बदलतो. मुंबई आणि नागपूरच्या विमानतळांमध्ये पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ दोरी ताणली तर ती साधारण ६८० किलोमीटर भरते. रेल्वेने तेच अंतर ८३७ किलोमीटर होतं, कारण रेल्वे सरळ जात नाही. ती कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी, नाशिक, मनमाड करत उत्तरेला वळते, जळगाव-भुसावळ गाठते आणि मग मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव, वर्धा अशी वऱ्हाडातून नागपूरला येते. १८६७ साली ही लाइन नागपूरला पोचली. खानदेश-वऱ्हाडाची सपाटी रूळ टाकायला सोयीची होती आणि इंग्रजांना वऱ्हाडाचा कापूस मुंबईच्या गोदीत हवा होता. म्हणजे आजही विदर्भ एक्स्प्रेसने जाणारा माणूस दीडशे-एक किलोमीटरचा वळसा घेतो, तो कापसाच्या गाठींनी आखून दिलेला आहे. लहानपणी आम्ही मामाकडे दादरला यायचो ते याच गाडीने. संध्याकाळी डबा उघडायचा, बडनेरा जाईपर्यंत दशम्या संपवायच्या, आणि सकाळी कसाऱ्याचा बोगदा लागला की आई केस विंचरायला बसवायची. तेव्हा नागपूर ते मुंबई हे अंतर एका झोपेएवढं होतं, आणि मला अजून वाटतं की ते माप वाईट नव्हतं.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. आमणे म्हणजे भिवंडीजवळ, आमच्या डोंबिवलीपासून तसं हाताशी. आठ तासांत नागपूर, असं तेव्हापासून सगळे म्हणू लागले. बाबांनी त्या बातमीचं कात्रण कापून ठेवलं होतं. त्यांना रस्त्याचं कौतुक होतंच, पण जास्त कौतुक ७०१ या आकड्याचं होतं. ‘पहा,’ ते फोनवर म्हणाले, ‘आकाशातल्या अंतराच्या किती जवळ आणलं यांनी. रेल्वेला जमलं नाही ते.’

बाबांना अंतरांचं हे वेड नोकरीतून लागलं. ते आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. १९६९ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांना पहिली ड्युटी लागली ती सोनेगाव विमानतळावर, रात्रपाळीची. नागपूरबाहेरच्या माणसांना ही गोष्ट सांगितली की आश्चर्य वाटतं, आणि नागपूरच्या तरुण पोरांनाही आता ती ठाऊक नसते. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं, आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरला यायची. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून. सुरुवातीला ती डकोटा विमानं होती. इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातून दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल उतरायची, त्यांच्या विमानांतून मुंबईची उतरून मुंबईच्या विमानात चढायची, आणि उजाडायच्या आत चारही विमानं आपापल्या गावी परत. त्याच साली साध्या टपालालाही जादा पैसे न घेता विमानाने नेण्याची योजना आली. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटलं जायचं ते असं. त्या विमानांतून प्रवासीही असायचे. ते उतरून चहा प्यायचे, काहीतरी खायचे आणि पुढच्या विमानात बसायचे.

बाबा ही गोष्ट सांगू लागले की त्यांचे हात हलू लागतात. समोर खणांचं कपाट आहे, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा आहे आणि उजवा हात पत्ता वाचायच्या आधीच योग्य खणाकडे निघालाय, असा तो हात जातो. थैलीचं तोंड सुतळीने बांधायचं, गाठीवर लाखेचं सील मारायचं, लेबल लावायचं. डिसेंबरच्या थंडीत लाख वितळवायच्या दिव्यावर सगळे आळीपाळीने बोटं शेकायचे. बाहेर उघड्यावर विमानं उभी असायची, त्यांच्या पंख्यांचा वारा अंगावर यायचा आणि थैल्यांच्या हातगाड्या घेऊन माणसं या विमानाकडून त्या विमानाकडे पळायची. सगळं काम ठरलेल्या वेळात. एका विमानाला उशीर झाला की चार शहरांची सकाळ बिघडायची. प्रत्येक विमान कधी टेकलं आणि कधी निघालं याची नोंद रजिस्टरमध्ये व्हायची. सत्तरच्या दशकात ती सेवा बंद झाली, बाबा मग रेल्वेच्या टपाल डब्यात गेले, निवृत्त झाले, पण नि. आणि टे. त्यांच्या हाताला चिकटून राहिलं ते अजून आहे.

त्या रजिस्टरबद्दल ते एक गोष्ट नेहमी सांगायचे. त्यांचे वरिष्ठ नव्या पोरांना पहिल्या दिवशी बजावायचे की विमान टेकलं म्हणजे टपाल पोचली असं समजू नका. पत्र ज्याचं आहे त्याच्या दारात पडलं की पोचलं. त्याच्या आधी ते फक्त वाटेत आहे. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं.

गेल्या डिसेंबरात रात्री अकरा चाळीसला फोन वाजला. शेजारच्या काकूंचा मुलगा होता. ‘ताई, काकाजी बाथरूममध्ये पडले. शुद्धीवर आहेत, बोलून राहिले, पण पाय हलवताच येऊन नाही राहिला. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे. तुम्ही घाबरू नका.’ मागून बाबांचा आवाज आला. ‘तिला काहून फोन केला एवढ्या रात्री?’

मी त्याला सांगितलं, ‘निघाले मी.’ आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निघायला वाटच नाही.

मुंबईहून नागपूरला जाणारं त्या रात्रीचं शेवटचं विमान कधीच गेलं होतं. आता पहाटेपर्यंत काही नाही. विदर्भ, दुरांतो, हावडा मेल, कामाच्या सगळ्या गाड्या कल्याण सोडून पुढे गेल्या होत्या. त्यानंतर मिळेल ती गाडी दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर पोचवणार. नवरा म्हणाला, गाडी काढू? आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून हिशोब केला. बारा-सव्वाबाराला निघायचं, आमण्याला समृद्धीवर चढायचं, मधे दोनदा थांबायचं. सपाटीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, पण रात्रभर कोणी तेवढ्या वेगाने चालवत नाही, चालवूही नये. साडेआठ ते नऊच्या दरम्यान नागपूर. मग विमानं पाहिली. पहाटेचं पहिलं भरलेलं होतं. नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि अधिवेशनाच्या दिवसांत ही विमानं अधिकारी, आमदार, पत्रकार, निवेदनं घेऊन जाणारी माणसं यांनी भरून जातात. १९५३ च्या नागपूर करारात सरकारने दरवर्षी काही काळ नागपूरला यायचं ठरलं, त्याचं हे अधिवेशन. राजधानीपद गेलेल्या शहराला दिलेला तो शब्द आहे आणि नागपूरकर म्हणून मला त्याची किंमत कळते. त्या रात्री मात्र मला फक्त एक खुर्ची हवी होती. सहा पस्तीसच्या विमानात एक मिळाली. आठ-सव्वाआठला सोनेगावच्या बाहेर, पुढे धंतोलीतल्या हॉस्पिटलपर्यंत अर्धा तास. म्हणजे पावणेनऊ.

कार नऊ, विमान पावणेनऊ. मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. दीड तासाचं विमान आणि नऊ तासांचा रस्ता मला एकाच वेळी बाबांजवळ नेणार होते. नवरा म्हणाला, ‘मग विमानच बरं, रात्रभर जागून सरळ रस्त्यावर गाडी चालवणं धोक्याचं आहे.’ त्याचं बरोबर होतं. समृद्धीवर पहाटेच्या वेळी डुलकी लागून झालेल्या अपघातांच्या बातम्या आम्ही दोघांनीही वाचल्या होत्या. मी तिकीट काढलं.

ते काढल्यापासून घराबाहेर पडेपर्यंतचे तीन तास मला अजून नीट सांगता येत नाहीत. बॅग दहा मिनिटांत भरून झाली. बाबांचं आरोग्य विम्याचं कार्ड, त्यांच्या जुन्या रिपोर्टांचे फोटो, माझी शाल. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. कारने निघालो असतो तर निदान चाकं फिरत असती. कसारा गेला, सिन्नर गेलं, शिर्डी गेली, असं एकेक गाव मागे टाकत आपण त्यांच्याकडे जातोय हे अंगाला कळलं असतं. इथे मी ओट्यापाशी उभी राहून चहाचं तेच भांडं दोनदा घासलं. घड्याळात एक वाजला तेव्हा शेजारच्या मुलाचा मेसेज आला, ‘एक्स-रे झाला. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी मोठे डॉक्टर येतील. काकाजी झोपले.’ आणि त्या क्षणी, रात्री एकला, मला सोनेगावची ती चार विमानं आठवली.

बाबा एकवीस वर्षांचे असताना रात्री एकच्या सुमारास मुंबईहून नागपूरला विमान यायचं. रोज यायचं. त्यात टपालाच्या थैल्यांबरोबर माणसंही असायची. ज्या वेळी आज एकही खुर्ची नाही, त्या वेळी तेव्हा होती. डिसेंबर १९६९ मध्ये कोणी मुंबईत संध्याकाळी वडलांना पत्र लिहिलं असतं तर ते पत्र आत्ता, या घटकेला, सोनेगावच्या टेबलावर असतं आणि माझ्या बाबांच्या हातून योग्य खणात पडत असतं. आजची विमानं कितीतरी वेगाने जातात, दिवसातून अनेकदा जातात. रात्रीचं ते विमान मात्र गेलं, कारण रात्री टपाल न्यायची गरज संपली आणि रात्री जायची निकड एखाद्यालाच असते. त्या एकासाठी विमान कोण ठेवणार? हे मला कळतं. तरी मी त्या रात्री तो एक होते, आणि आपल्याकडे कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर विचारलं की विमानाला किती वेळ लागतो तेवढंच का सांगतात, याचा मला राग आला. शेवटचं विमान किती वाजता जातं आणि पहिलं किती वाजता, हे कुणी सांगत नाही. माझ्यासारख्या, आईवडलांना दुसऱ्या शहरात ठेवून आलेल्या माणसाला नेमकं तेवढंच कळायला हवं असतं. मीसुद्धा बावीस वर्षं ते कधी पाहिलं नव्हतं.

सव्वातीनला टॅक्सी आली. ऐरोलीचा पूल रिकामा होता. विमानतळावर साडेचारला पोचले आणि पुन्हा थांबणं. तपासणीची रांग, बसण्याची जागा, दार उघडण्याची वाट. खिडकीची जागा मिळाली होती, उजव्या बाजूची. दार बंद झालं सहा वीसला, पण विमान जागचं हललं ते बऱ्याच वेळाने. मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. पहाटे सगळ्यांनाच निघायचं असतं. आमच्या पुढे चार-पाच विमानांचे दिवे रांगेत लुकलुकत होते. तिकिटावरच्या दीड तासात ही रांगही धरलेली असते. दाराशी सुरू होऊन दाराशी संपणारा तो वेळ असतो, त्यातला हवेतला भाग तास-सव्वा तासाचाच. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, म्हणून मी सवयीने घड्याळ पाहिलं. चाकं सुटली तेव्हा सहा बावन्न झाले होते.

खाली मुंबईत अजून सूर्य उगवला नव्हता. विमान वर चढलं आणि तो दिसला, उजवीकडे पुढच्या बाजूला, ढगांच्या रेघेवर केशरी. नागपुरात तो तोपर्यंत उगवलेला होता. मुंबई आणि नागपूरमध्ये सव्वासहा रेखांशांचं अंतर आहे, आणि पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटं घेते. म्हणून नागपूरवरून मुंबईवर यायला सूर्याला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. ही वजाबाकी बाबांनी मला सातवीत असताना पाटीवर करून दाखवली होती. एकेकाळी मुंबई आपलं वेगळं घड्याळ लावायची, हेही त्यांनीच सांगितलं होतं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही. बाबांच्या लहानपणी मुंबईहून आलेले एक काका घड्याळ दोन्ही वेळांवर वाचून दाखवायचे म्हणे.

खाली नाथसागर दिसला तेव्हा तो तांब्याच्या पत्र्यासारखा चकाकत होता. विमानाची सरळ रेघ संभाजीनगरच्या अगदी डोक्यावरून जाते, जायकवाडीचं पाणी उजव्या खिडकीत येतं. त्यानंतर बुलढाण्याच्या अंगाला शेतं, तुरीची, कपाशीची, आणि त्यांच्या मधून समृद्धीची पांढुरकी रेघ कधी जवळ येत, कधी दूर जात बराच वेळ सोबत राहिली. त्या रेघेवरून आत्ता कोणीतरी रात्रभर गाडी चालवत नागपूरच्या जवळ आलेलं असेल. मी त्या रेघेकडे पाहत राहिले. आम्ही कारने निघालो असतो तर आत्ता कुठे असतो, कारंज्याजवळ की वर्ध्याच्या पुढे, हा हिशोब मनात चालू होता आणि थांबवता येत नव्हता.

सात सत्तावन्नला चाकं टेकली. पासष्ट मिनिटं. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस उठता उठता म्हणाला, ‘वा, वेळेआधी.’ त्याच्यासाठी ते खरंच होतं.

बाहेर नागपूरची ती कोरडी थंडी होती, नाकात शिरणारी. वर्धा रोडवर अधिवेशनाचा बंदोबस्त, ठिकठिकाणी बॅरिकेड, पोलिसांचे घोळके. रिक्षावाल्याने विचारलं, ‘ताई, कोणाला भरती केलं?’ मी म्हटलं वडलांना. तो पुढे काही बोलला नाही, फक्त गल्लीगल्लीतून गाडी काढली आणि हॉस्पिटलच्या दारात उतरवताना जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

बाबा तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर होते. उजवा पाय वाळूच्या पिशव्यांमध्ये सरळ ठेवलेला. रात्रीत ते लहान झाल्यासारखे दिसत होते. गालावर पांढरे खुंट, आणि हातावर सुईभोवती चिकटपट्टी. मला पाहून त्यांचे डोळे भरले. ते त्यांनी लपवलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले. खूप वेळाने ते म्हणाले,

‘निघालं किती वाजता?’

‘सहा बावन्न.’

‘टेकलं?’

‘सात सत्तावन्न.’

त्यांनी डोळे मिटून वजाबाकी केली. ‘पासष्ट मिनिटं. मागून वारा होता. डिसेंबरात वरती पश्चिमेचा वारा जोरात असते. जाताना तुला तोच समोरून लागेल, दहा-पंधरा मिनिटं जास्ती धरून चाल.’

मी म्हटलं, ‘इतक्यात कुठे जाते मी.’

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. खुब्याचं हाड मोडलं की म्हाताऱ्या माणसाला शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून लवकरात लवकर उभं करतात. पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून त्यांनी चार पावलं टाकली. मोजून चार, आणि चारही त्यांनी मोठ्याने मोजली. आठव्या दिवशी घरी आणलं. मी महिनाभराची रजा टाकली.

एका दुपारी त्यांना ऊन लागावं म्हणून अंगणात खुर्ची टाकली होती. झिरो माइलचा विषय कसा निघाला आठवत नाही. लहानपणी ते मला सायकलवर पुढे बसवून तिथे न्यायचे. १९०७ सालचा तो दगडी खांब, शेजारी चार घोडे. खांबाजवळच्या दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. हैदराबाद ३१८, चांदा १२५, जबलपूर १७०, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. मी तेव्हा मुंबई शोधायचे, कारण मामा तिथे राहायचा. मुंबई त्यावर नाही. बाबा म्हणाले, ‘तेव्हा नागपूरचं तोंड तिकडे नव्हतं ना. मध्य प्रांताची राजधानी होती. मुंबईशी बांधलं आपल्याला ते छप्पन साली.’ थोडं थांबून म्हणाले, ‘असती तर किती मैल लिहिली असती कोण जाणे.’

मी तेव्हा त्यांना त्या रात्रीचं सगळं सांगितलं. टेबलावरचा हिशोब, चहाचं भांडं, रात्री एकला आठवलेली त्यांची चार विमानं. ते ऐकत होते. मी म्हटलं, बाबा, तुमच्या वेळी आले असते तर एक-दीडला तुमच्याजवळ असते. त्यांनी मान हलवली. ‘पण तेव्हा फोनच कुठे होता घरात? तुला कळलंच असतं चार दिवसांनी. पत्राने.’

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आम्ही दोघं मग बराच वेळ काही बोललो नाही. गल्लीतून भाजीवाला गेला. वरून एक विमान उतरत गेलं, बाबांनी मान वर केली आणि घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यात मी नव्हते, मी इथेच होते.

आत जाताना वॉकर घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. कालनिर्णयावर डिसेंबर अजून तसाच होता, पान उलटायचं राहून गेलं होतं. दुधाचे आकडे बारा तारखेनंतर थांबलेले. म्हणाले, ‘पेन्सिल दे.’ हात थरथरत होता, म्हणून पुन्हा म्हणाले, ‘तूच लिही.’

मी त्या तारखेच्या चौकटीत लिहिलं: नि. ६.५२, टे. ७.५७.

‘आणि दारात?’

‘दारात म्हणजे?’

‘माझ्या पलंगाजवळ कधी आली तू?’

‘आठ पन्नास.’

‘फोन?’

‘अकरा चाळीस.’

‘ते लिही,’ बाबा म्हणाले. चौकट भरली होती, जागा नव्हती. मी शेजारच्या चौकटीत, एकादशीच्या बाजूने, तिरपं करून लिहिलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून वाचलं आणि मग पान उलटायला सांगितलं.